समुद्राचा रब्बी हंगाम

जालन्यात बसून समुद्र शिकवणं हा माझा आयुष्यभराचा धंदा होता. हे मी कुठंही सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग जरा काळजीनं माझ्याकडे बघतो. पण खोटं काहीच नाही. प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातले निम्मे प्राणी समुद्रातले, आणि आमच्या कॉलेजपासून समुद्र इतका लांब की बसमध्ये बसून बसून पोरांच्या माना वाकड्या व्हायच्या. जालन्यात बियाणं मिळतं, लोखंड मिळतं, जुन्या जालन्याच्या गल्ल्या पालथ्या घातल्या तर मागाल ते मिळतं. समुद्र मात्र मिळत नाही.

म्हणून तो आमच्याकडे बरण्यांतून यायचा. प्रयोगशाळेच्या कपाटात ओळीनं बरण्या, आणि त्यांत औषधाच्या पाण्यात बुडवलेले तारामासे, खेकडे, समुद्रफुलं. सगळ्यांचा रंग एकच, शिळ्या भाकरीचा. आमच्या पोरांचा पक्का समज होता की समुद्रातले प्राणी पिवळट असतात आणि त्यांच्या वासानं डोळ्यांतून पाणी येतं. मीसुद्धा सुरुवातीची काही वर्षं तेच शिकवत होते. मी मूळची हसनाबादची, घरात मेंढरं. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागल्यावर. कोकणातल्या एका खडकावर पाण्यात वाकून बघितलं आणि जिवंत समुद्रफूल दिसलं. हिरवंगार, टोकांना गुलाबी, आणि हलत होतं! मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारी गळ टाकून बसलेल्या माणसाचा मासा पळाला. त्या दिवशी ठरवलं, आपली पोरं हे बघणार.

तर आमच्या कामाची रीत थोडक्यात सांगते. कोकणात दोन डोंगरांच्या मधे अडकलेला एक छोटा उपसागर आहे. गावाचं नाव सांगत नाही, उगाच गर्दी होईल. तिथं आम्ही शेवटच्या वर्षाच्या पोरांना एकाच वर्षात तीनदा न्यायचो. पावसाळा सरल्यावर, ऐन थंडीत आणि परीक्षा संपल्यावर भर उन्हाळ्यात. जागा तीच, खडक तेच. जुन्या जालन्यातल्या एका लोहाराकडून मी गजाची चौकोनी चौकट करून घेतली होती, खिडकीएवढी. ओहोटीला खडक उघडे पडले की ती चौकट खडकावर ठेवायची आणि तिच्या आत कोण कोण राहतं ते बघायचं. मग पुढच्या हंगामात पुन्हा तिथंच.

तीनदा कशाला, असं सगळेच विचारायचे. मी सांगायची, वाटूरच्या फाट्यावर सकाळी उभं राहा, दूधवाले दिसतील. दुपारी कॉलेजची पोरं दिसतील आणि संध्याकाळी भाजीच्या पिशव्या घेऊन घरी निघालेली माणसं. फाटा तोच, मंडळी वेगळी. समुद्राचंही तसंच असतं. फक्त तिथली मंडळी सकाळ-संध्याकाळ न बदलता ऋतूप्रमाणे बदलते.

हे वाटूरचं उदाहरण मी एकदा वर्गात दिलं आणि मागच्या बाकावरून अर्चना म्हणाली, "मॅडम, फाट्यावर संध्याकाळी भाजी घेऊन आमचे अण्णाच असतेत." वर्ग हसला. अर्चना वाटूरची. रोज बसनं जालन्याला यायची. हुशार होती, पण तिची हुशारी प्रश्नांतून बाहेर पडायची. उत्तर दिलं की त्या उत्तरावर तिचा पुढचा प्रश्न तयार. अशा पोरी वर्गात एक-दोनच बऱ्या, जास्त असल्या तर शिक्षकाचं काही खरं नाही.

सहलीची तारीख ठरली आणि दोनच दिवसांत तिचे अण्णा, किसनराव, कॉलेजात हजर झाले. पांढरा सदरा, धोतर, टोपी, काखेत पिशवी.

"मॅडम, तुमी पोरीयला समुद्रावर नेऊन राह्यले म्हणं."

"हो. बसा ना."

"बसत न्हाई. तिथं काय हाय?"

"प्राणी आहेत. जनावरं."

"जनावरं बघायला एवढ्या दूर काहून?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बराबर हाय तुमचं. पण पोरगी एकटी जाणार न्हाई. म्या संगं येतो."

आजवर मुलीला पाठवायला नाही म्हणणारे बाप मी खूप पाहिले होते. "संगं येतो" म्हणणारा हा पहिलाच. नाही म्हणायला मला कारण सापडेना. खरं तर त्याआधी किती पोरी नुसत्या घरच्यांच्या नकारामुळे मागे राहिल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी मी म्हणावं तसं भांडले नव्हते. ती चुटपूट मनात होतीच. म्हटलं, या.

तर पावसाळा सरल्यावरच्या त्या सहलीत किसनराव सगळ्यांत पुढच्या सीटवर, पायाशी घरच्या विहिरीच्या पाण्याचा कॅन घेऊन. समुद्राचं पाणी खारं असतं हे त्यांनी ऐकलं होतं, आणि कोकणात दुसरं पाणी असेल यावर त्यांचा भरवसा नव्हता.

आमचा मुक्काम वंदनाताईंच्या अंगणात असायचा. वंदनाताई मासे विकायच्या, आणि आवाज असा की किनाऱ्याच्या एका टोकाला बोलल्या तर दुसऱ्या टोकाला ऐकू यावं. सामान टाकून आम्ही किनाऱ्यावर गेलो तेव्हा भरती होती. किसनरावांनी एकदा समुद्राकडे नीट बघून घेतलं, "लई हाय," म्हणाले आणि चहाला गेले. जेवून, पडून, परत आले तर पाणी पार मागे गेलेलं. जिथं लाटा होत्या तिथं काळे खडक आणि चिखल.

ते धावतच माझ्याकडे आले. "मॅडम, पाणी कुठं गेलं?"

"ओहोटी लागली."

"न्हाई न्हाई, गेट सोडलं का कुणी खालून?"

पोरं खडकांवर बसून पोटं धरून हसायला लागली. पण मला सांगा, ज्या माणसानं सगळं पाणी धरणाचं आणि कालव्याचं पाहिलंय, त्यानं दुसरं काय समजायचं? मी चंद्र, भरती, ओहोटी सगळं सांगितलं. त्यांनी आकाशाकडे बघितलं. चंद्र दिसत नव्हता. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, हे स्पष्ट होतं.

पावसाळ्यानंतर आमचा उपसागर नुकत्याच सारवलेल्या घरासारखा असतो. नद्यांचं गोडं, गढूळ पाणी महिनोन् महिने त्यात येऊन पडलेलं. खाऱ्या पाण्यावर जगणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्यात मरतात किंवा खोल पाण्यात निघून जातात. मग पाणी निवळायला लागलं की नवी पिल्लं येऊन खडकावर बसतात. कालवं, म्हणजे खडकाला घट्ट चिकटणारे धारदार शिंपले, नखाएवढी. बाकीचे शिंपले तिळाएवढे. डबक्यांत कोळंबीची पोरं काचेसारखी आरपार. बघायला भिंग लागतं.

किसनरावांनी भिंगातून बघितलं आणि निराश होऊन म्हणाले, "एवढूशे? यासाठी जालन्याहून आल्तो?"

तेवढ्यात एका खेकड्यानं त्यांच्या धोतराचा काठ धरला. आधी हळू, मग घट्ट. किसनराव एका पायावर नाचत खडकांच्या मधून पळाले, खेकडा धोतराला लोंबतोय, अर्चना मागून ओरडतेय, "अण्णा, थांबा, त्याला लागंल!" खेकड्यालाच लागंल, बरं का. अण्णांचं काही नाही. शेवटी खेकडा आपणहून सुटला आणि किसनराव धापा टाकत खडकावर बसले. मला वाटलं, झालं, आता हा माणूस परत येत नाही.

थंडीतल्या सहलीला ते सगळ्यांच्या आधी कॉलेजच्या गेटवर उभे. या वेळी धोतराऐवजी मुलाची जुनी पँट, खाली दोरीनं बांधलेली. खेकड्याची सोय!

आणि ती थंडी! ऐन थंडीत पाणी स्वच्छ आणि खारं होतं, खडकांवर शेवाळाची मऊ कुरणं वाढतात आणि त्यांच्या मागोमाग सगळं गाव लोटतं. समुद्रफुलं गालिच्यासारखी पसरलेली. दगड उचलावा तर खाली बारीक हातांचे तारामासे सुळसुळत पळतायत. शेवयांसारखी गुंडाळलेली गुलाबी अंडी. आठ हातांचा एक पठ्ठ्या डबक्यात बसून आमच्याकडेच बघत होता आणि बघता बघता खडकाच्या रंगाचा झाला. आमची पोरं वेडी झाली. एकजण दिसेल त्या प्राण्याला नमस्कार करत सुटला. दोघी घसरून पडल्या आणि पडल्या जागी नवीन गोगलगाय दिसली म्हणून आनंदानं ओरडल्या. मी, इतक्या वर्षांची शिक्षिका, पँटचे पाय वर करून एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात उड्या मारत होते. ओळखीची माणसं दिसली असती तरी मी थांबले नसते.

त्यात किसनरावांना समुद्रससा सापडला. हा ससा म्हणजे शंख सोडून दिलेली एक मोठी गोगलगाय, तळहाताएवढी, डोक्यावर दोन कानांसारखी शिंगं, शेवाळ चरत सावकाश चाललेली. मी सगळ्यांना बजावलं होतं, बघा, उचलू नका. किसनरावांनी उचलला.

"मॅडम, हे बघा, कसं गरीब हाय बिचारं..."

आणि त्या गरीब बिचाऱ्यानं जांभळा रंग सोडला. भरपूर. किसनरावांचा पांढरा सदरा गळ्यापासून खालपर्यंत जांभळा, टोपी जांभळी, मिशी जांभळी. ससा घाबरला की हाच त्याचा उपाय. मग किसनराव स्वतःच हसायला लागले, ससा अलगद पाण्यात सोडला आणि तोंड पुसत म्हणाले, "आमची होळी झाली गड्या. आता तू चर."

त्या दिवशी संध्याकाळी अंगणात बसून आम्ही चौकटीत काय काय दिसलं ते बोलत होतो. अर्चना म्हणाली, "मॅडम, हा यांचा रब्बी हाय न? पावसाळ्यानंतर पेरणी दिसली, आता पीक उभं हाय."

"बरोबर. पण इथं पेरतं कोण?"

"तेच तर. आन् कापणीनंतर ते जातेत कुठं?"

मला सगळं ठाऊक नव्हतं. काही मरतात, काही खोल पाण्यात जातात, काहींची अंडी तेवढी मागे राहतात, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "कुणी बघितलंय का?" मी म्हटलं, थोड्या लोकांनी, थोड्या ठिकाणी. या उपसागरात तर कुणीच नाही. तिचे डोळे चमकले. मला त्या चमकण्याचा अर्थ कळला होता, आणि किसनरावांनाही. कारण ते लगेच उठले आणि म्हणाले, "चला, बसचं बघून येतो." बस अंगणाच्या दारातच उभी होती.

पुढचे काही महिने अर्चना रोज मधल्या सुट्टीत माझ्याकडे यायची. समुद्राकाठच्या एका विद्यापीठात पुढचं शिक्षण घेता येईल का, राहायची सोय असते का, पोहता येत नसलं तर चालतं का. घरी हा विषय निघाला की अण्णा उठून जातात, म्हणाली. कधी शेताकडे, कधी फाट्यावर, कधी नुसतेच दाराबाहेर. त्यातच एक स्थळ चालून आलं. मुलाकडची माणसं परीक्षा झाल्यावर बघायला येणार होती.

परीक्षा झाली. स्थळाची माणसं येण्याच्या आठवडाभर आधी आमची उन्हाळ्याची सहल निघाली.

उन्हाळ्यात तो उपसागर ओळखू येत नाही. शेवाळ वाळून उडून गेलेलं. गोगलगायी खडकांच्या भेगांत सावलीला दाटीवाटीनं बसलेल्या, बसच्या थांब्यावर दुपारी माणसं बसतात तशा. किसनराव सरळ त्या जुन्या डबक्याशी गेले. ससा नाही. शेजारच्या डबक्यात नाही. त्याच्याही पुढच्या डबक्यात नाही.

"मॅडम, एक बी न्हाई!"

"किसनराव, ते थंडीतच असतात. अंडी घालून मरून जातात."

"सगळे?"

"जवळपास सगळे."

त्यांना ते पटलं नाही. शेजारी बिऱ्हाड हलवून गेला आणि आपल्याला सांगितलं सुद्धा नाही, असा त्यांचा चेहरा झाला. "त्या पल्याडच्या खडकावर पाणी थंड असंल. तिथं गेले असतेल," म्हणाले आणि निघाले. मी शिट्टी वाजवली. वारा उलटा होता. अर्चना म्हणाली, "मॅडम, आणते मी त्यांना," आणि पळाली. ती पोचेपर्यंत ते खडकाच्या पलीकडच्या बाजूला. पाणी चढायला लागलं होतं. बाकीची पोरं वंदनाताईंच्या हवाली करून मी दोघांच्या मागं गेले. तिघं एकत्र आलो आणि मागे वळून बघितलं, तर किनारा आणि आमच्या मधे कमरेएवढं पाणी, खाली धारदार कालवं आणि वरून लाटा. तिघांपैकी कुणालाही पोहता येत नव्हतं.

किनाऱ्यावरून वंदनाताईंचा आवाज आला. "बसा तिथंच! खाली उतरू नका! होडी आणता येत नाय, खडक आहेत! पाणी उतरलं की या!"

पाणी उतरायचं होतं दुपारनंतर. ऐन उन्हाळ्यातली सकाळ, काळा खडक, माझी एक छत्री आणि किसनरावांच्या पिशवीत भाकरी आणि ठेचा. आम्ही खडकाच्या वरच्या टोकाला चिकटून बसलो. पौर्णिमेचं उधाण होतं. पाणी फुगत होतं. मी वर्गात इतकी वर्षं फळ्यावर भरतीच्या रेषा काढल्या होत्या, पण खडू हातात असणं वेगळं आणि लाट पायाशी असणं वेगळं. किसनरावांनी अर्चनाचं मनगट धरलं होतं.

"पोरी, हे पाणी थांबंल ना?"

अर्चना वाकली आणि खडकाकडे बोट दाखवलं. "अण्णा, हे पांढरे दाणे बघा. खरबरीत. हे बी जनावरच हाय, घर खडकाला चिटकवून बसतं. पाण्यात असताना खातं, पाणी गेलं की दार लावून घेतं. याला पाणी पाहिजेच, म्हणून जिथवर पाणी येतं तिथवरच हे जगतं. बघा, रेघ कशी सरळ हाय. हिच्या वर एक बी न्हाई. आपण हिच्या वर बसलो."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी हिथं येऊन थांबतं. रोज थांबतं. न्हाईतर हे वर बी दिसले असते."

आम्ही तिघं त्या पांढऱ्या रेघेकडे बघत बसलो. पाणी चढत चढत आलं, रेघेच्या खालच्या दाण्यांवरून गेलं, मग मधल्या, मग वरच्या. सगळ्या दाण्यांची दारं उघडली आणि त्यातून बारीक पिसांसारखे हात बाहेर येऊन पाणी चाळायला लागले. किसनराव तेवढ्यातही म्हणाले, "जेवायला लागले की वो!" एक लाट उसळली, आम्हाला भिजवून गेली. मग पाणी रेघेशी थांबलं. वर चढेना. थोड्या वेळानं पहिला दाणा परत उघडा पडला.

मी हसायला लागले. का ते मला माहीत नाही. मग अर्चना हसायला लागली, आणि मग किसनराव. छत्री वाऱ्यानं उलटी झाली, त्याचंही हसू आलं. किनाऱ्यावरच्या पोरांना वाटलं आम्हाला ऊन लागलं. आम्ही ओल्या हातांनी भाकरी मोडली. ठेच्यात समुद्राचं पाणी पडलं होतं, पण तसला ठेचा मी पुन्हा खाल्ला नाही.

आणि तिथंच, तोंडात घास असताना, अर्चनानं विषय काढला. "अण्णा, मला पुढं शिकायचंय. हेच."

किसनराव उठले. चारी बाजूंना बघितलं. सगळीकडे पाणी. खाली बसले.

"पाव्हणे येऊन राह्यले बुधवारी," ते म्हणाले.

"मला ठावं हाय. पण मला हे शिकायचंय. हे कुठून येतेत, कुठं जातेत."

ते पुन्हा उठले. पुन्हा बसले. अर्चना म्हणाली, "अण्णा, आज कुठं जाता? आज ऐकूनच घ्या."

मग त्यांनी ऐकून घेतलं. तिनं सगळं सांगितलं. कुठं जाणार, कुठं राहणार, किती वर्षं लागतील. ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी खरं सांगा. याच्यात पुढं काही होतं का?"

मी खोटं बोलू शकले असते. "खात्री देत नाही," म्हटलं. "काम कठीण आहे, जागा कमी आहेत, होडीत उलट्या होतात. पण अशा डोळ्यांची पोरगी मी इतक्या वर्षांत पाहिली नाही."

"लोक काय म्हणतील? वाटूरची पोरगी समुद्रात..."

"आन् वाटूरचा बाप?" अर्चना म्हणाली. "तो तं कवाचा समुद्रात बसलाय."

किसनरावांनी आपल्या भिजलेल्या पँटकडे बघितलं, खालच्या पाण्याकडे बघितलं, त्या पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवलं. त्यांचे डोळे भरले होते, पण खाऱ्या पाण्यात ते कुणाला कळणार? मग म्हणाले, "पाव्हण्यायला सांगतो, पोरगी सध्या पाण्यात हाय म्हणून."

पाणी उतरल्यावर किनाऱ्यावर येऊन त्यांनी घरी फोन लावला. बायकोला, गयाबाईंना, हे कसं सांगायचं याची धास्ती त्यांना भरतीपेक्षा जास्त होती. फोन स्पीकरवर होता. सगळं ऐकून पलीकडून एकच वाक्य आलं, "तुमी जाता, तं तिनं काहून जाऊ नये?" आणि फोन बंद.

अर्चना गेली. पहिल्या वर्षी होडीत इतकी आजारी पडायची की तळ बघण्याऐवजी होडीचा काठच जास्त बघितला, असं तिनं मला फोनवर सांगितलं. पण टिकली. आता ती उपसागरांच्या तळाचा चिखल लोखंडी पंज्यानं वर काढते, चाळते आणि त्यात राहणारे किडे, शिंपले, गोगलगायी बघते. पावसाआधी कोण असतं, पावसात कोण टिकतं, पावसानंतर पहिलं कोण परत येतं. आमच्या त्या छोट्या उपसागराचाही अभ्यास तिनंच केला. समुद्रससा कुठं जातो हे तिला बरंचसं कळलं आहे. बरंचसंच, असं ती म्हणते, आणि तेव्हा तिचे डोळे अंगणातल्या त्या संध्याकाळी चमकले तसेच चमकतात. त्या उपसागराच्या एका टोकाला आता धक्का झालाय, आमच्या काही डबक्यांवर सिमेंट आलंय. मला ते बघवत नाही. ती मात्र म्हणते, सिमेंटवर पहिलं कोण येऊन बसतं ते बघू.

मी निवृत्त झाले. गेल्या थंडीत किसनरावांचा फोन आला. कापूस वेचून झाला होता, आणि त्यांनी वाटूरहून एक बस भरून माणसं समुद्र बघायला न्यायची ठरवली होती. "मॅडम, तुमी पायजेच. अर्चना बी येऊन राह्यली."

गेले. खडकांवर टोप्या, पदर, धोतरं, पँटी, सगळं वाटूर. किसनराव पुढे काठी घेऊन, एकेका डबक्याशी थांबून समजावतायत. निम्मं चूक. तारामाशाला त्यांनी पोरकं खेकडू म्हणून सांगितलं. अर्चना मागून दुरुस्त करत चाललीय आणि ते "तेच ते" म्हणत पुढे सरकतायत. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "किसन्या, पाणी कुठं गेलं रे?" किसनरावांनी छाती फुगवून चंद्राकडे बोट दाखवलं. चंद्र तेव्हाही दिसत नव्हता.

आणि गयाबाई पहिल्यांदाच आल्या होत्या. मीही त्यांना पहिल्यांदाच भेटत होते. बारीक अंगाची, शांत बाई. त्या सगळ्यांपासून थोड्या बाजूला एका डबक्याशी बसल्या, पदर खोचला आणि पाण्यात हात घातला. समुद्रफुलानं त्यांचं बोट हळूच धरलं. त्यांनी हात काढला नाही. एक ससा त्यांच्या मनगटाजवळून चरत गेला. त्या बघत राहिल्या. इतक्या वेळ की किसनराव बोलायचे थांबले आणि सगळी मंडळी हळूहळू त्यांच्याभोवती गोळा झाली.

शेवटी त्यांनी मान वर केली.

"तुमी हे बघायला आल्ते?"

"हाव," किसनराव म्हणाले.

"तीन डाव?"

"पयल्या वर्षी तीन. मंग... मंग लई डाव."

"आन् मला म्हशीपाशी ठिवलं."

कुणी हसलं नाही. मीही नाही. इतक्या पोरींना, एका बापाला मी समुद्र दाखवला, आणि अर्चनाची आई कधी येईल का, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. किसनराव टोपी काढून डोकं खाजवायला लागले.

गयाबाईंनी बोट सोडवून घेतलं, उठल्या, आणि लेकीला विचारलं, "उन्हाळ्यात हिथं दुसरेच येतेत म्हणं?"

"हो माय. सगळी मंडळी बदलते."

"तुझ्याजवळ राहायला जागा हाय ना?"

"हाय की."

मग त्या नवऱ्याकडे वळल्या आणि एकदम मोकळं, पोरीसारखं हसल्या.

"तुमी जा. म्हशीला सरकी टाका येळेवर. म्या उन्हाळा बघूनच येते."